काळी पाच आणि मूठभर अक्षता

"मास्तर, पेटी वाजवायला मिशी लागते का हो?"

मैत्रिणीनं, सुनंदानं, पैज लावली होती, म्हणून विद्युल्लतानं भर वर्गात विचारलं! शहापूरच्या त्या गायनशाळेत पोरांच्या हाताखालच्या पेट्या जागच्या जागी गप्प झाल्या.

"मिशी न्हाय, तयारी लागते!" हरिभाऊ मास्तर गरजले.

मिरजेचे नामांकित पेटीवादक चिंतामणीबुवा रविवारी धडा द्यायला येणार होते. त्यांच्यापुढं वाजवायला मास्तरांनी सहाजण निवडले होते. सहाही पोरं!

"मुलींनी गावं," मास्तर म्हणाले. "तू पेटीची पूजा कर."

पूजा! रोज स्वतःच्या गाण्याला स्वतः पेटी धरणाऱ्या विद्युल्लताच्या वाट्याला हळदकुंकू!

रविवारी तिनं पूजा केली, पण कुणाशी भांडावं तशी. कुंकू फासलं, फुलं आपटली आणि मूठभर अक्षता थेट पट्ट्यांवर भिरकावल्या.

बुवांपुढं पहिला गोपाळ बसला. नाकाखाली कोळशाची रेघ, तीच त्याची मिशी! ऐटीत त्यानं पुरुषांच्या सुरात, पांढरी एक धरून, यमन सुरू केला. जोरात तान मारताना बोट घसरलं ते पाचव्या काळ्या पट्टीवर. पट्टी खाली गेली ती वर येईचना!

पँऽऽऽ!

भाता थांबवला की यमन थांबे, भाता हलवला की पँऽऽऽ! बुवा स्वतः पट्टी उपसायला वाकले. घाम आला, तो त्याच हातानं पुसला. कपाळभर कुंकू! बुवा हुबेहूब वरमाई दिसू लागले. पोरं खाली माना घालून खुसखुसली.

"अक्षता अडकल्यात, मास्तर!" मागून सिद्राम ओरडला. "हिनंच टाकल्यात!"

"मग पूजा मला कुणी सांगितली?" विद्युल्लता उसळली. "पेटी द्यायची न्हाय म्हणून अक्षता दिल्यात!"

"बुवांपुढं ठेवण्याजोगी एकच पेटी, तीही गेली. धडा संपला," मास्तर पडेल आवाजात म्हणाले.

"गेली कुठं? सूर तर देतेय की!"

आणि कुणी ये म्हणायच्या आत ती पेटीपुढं बसलीसुद्धा. काळी पाच! बायका गातात तोच सूर, तिचा रोजचा. तिनं त्या पँऽऽऽलाच षड्ज मानलं आणि भूप सुरू केला. मघापासून कान कुरतडणारा तो आवाज तंबोऱ्यासारखा मागं उभा राहिला. बुवांचं लाल कपाळ डोलायला लागलं.

"याला म्हणतात तयारी!" बुवा म्हणाले. "मास्तर, ही निवडलेल्यांत का नव्हती?"

मास्तर टोपी काढून तिच्या आत बघत बसले, जणू उत्तर तिथंच ठेवलं होतं!

घरी येऊन चपला न काढताच विद्युल्लतानं जाहीर केलं, "आण्णा, आई, माझं ठरलंय! सुट्टीत मावशीकडं मिरजेला राहणार आणि बुवांकडं पेटी शिकणार."

"बुवा काय म्हणाले?" आण्णांनी चष्म्यावरून बघितलं.

"ये म्हणाले."

"आणखी?"

विद्युल्लतानं कुंकवानं माखलेले हात पाठीमागं नेले.

"आणखी... येताना हात धुऊन ये म्हणाले. आणि अक्षता आणू नकोस."