पटावरचा नायटा

जुलैत शाळेने माझ्या समृद्धीचं नाव पटावरून काढलं आणि तिच्या डोक्यावरच्या नायट्याचं घातलं.

मुख्याध्यापक लोखंडे गुरुजींनी मला बोलावून समजावलं. लागणीचा रोग झालेलं पोर पटावर ठेवायचं नाही, असा वरून कागद आलाय. पण पट विसाच्या खाली गेला तर शाळा बंद होते, आणि पोरं मोजून वीस. नायट्याला स्वतःला काही रोग नव्हता. म्हणून त्याला दाखल करून घेतलं.

फॉर्मवर बापाच्या जागी माझ्या नवऱ्याचं नाव पडलं. मी भांडायला निघाले तर नवरा म्हणाला, "राहू दे की. एक मुलगा तर झाला."

त्या रात्री त्याला मी वाढलं नाही.

समृद्धी रोज शाळेत जायची, कारण तिच्याशिवाय नायटा जाणार कसा. हजेरी त्याची. पुस्तकं, गणवेश, खिचडी, सगळं त्याचं. तिने पाढा म्हणायला तोंड उघडलं की गुरुजी म्हणायचे, तू गप, तुझं नाव नाही. मी चौथीपर्यंत शिकले. माझ्या पोरीने तिथवरही जाऊ नये?

रुपयाएवढा होता तो पुरीएवढा झाला. केस बुंध्याशी तुटायला लागले, पू धरला. तालुक्याची डॉक्टरीण म्हणाली, नुसत्या मलमाने भागायचं नाही, बुरशी केसाच्या मुळात शिरते, दीड-दोन महिने गोळ्या द्याव्या लागतील. उशीर केला तर तिथे पुन्हा केस यायचे नाहीत.

गुरुजी म्हणाले, गोळ्या तीस सप्टेंबरनंतर सुरू करा, त्या दिवशी पट मोजतात. "शिकणाऱ्या मुलाला औषध घालून हाकलायचं म्हणजे गुन्हा आहे, ताई. शिक्षणाचा हक्क आहे त्याला."

"आणि हिला?"

"ती पटावर नाही."

घरी येऊन मी पहिली गोळी दिली. नवरा दोन दिवस सुतक असल्यासारखा बसून होता. बसू दिला.

तीस सप्टेंबरला केंद्रप्रमुख पट मोजायला आले. मी वर्गाच्या दारातच उभी राहिले. नायट्याचं नाव पुकारल्यावर साहेबांनी पेन्सिलीने समृद्धीचे केस बाजूला करून पाहिले. डोकं स्वच्छ, नवे केस उगवलेले.

"गैरहजर," ते म्हणाले.

मी म्हटलं, पोरगी समोर बसलीय, तिला मोजा. साहेब म्हणाले, आधी तो कुठे गेला ते बघू. मग एकेक डोकं तपासलं. ईश्वरीच्या कानामागे सापडला. समृद्धी आणि ती एकाच फणीने विंचरायच्या.

"हजर."

गुरुजींनी घाम पुसला. नियमाप्रमाणे ईश्वरीचं नाव कापलं, तिथे समृद्धीचं लिहिलं. पट वीस. मी वाचून बघितलं, नाव बरोबर होतं.

ईश्वरीची आई सुनंदा माझ्या शेजारीच उभी होती. ती लेकीच्या नावावरची काट बघत होती. माझं काम झालं होतं, आणि डोकं नुसतं पेटलं होतं.

मी सुनंदाला घेऊन आत गेले आणि ईश्वरीला बाकावरून उठवलं. गुरुजी आडवे आले, पटावरचा विद्यार्थी शाळेच्या वेळेत बाहेर नेता येत नाही म्हणाले.

"पोरगी आम्ही नेतोय," मी म्हटलं. "तुमचा विद्यार्थी थांबत असेल तर ठेवून घ्या."

तो थांबला नाही. तालुक्याच्या एसटीत तो आमच्याबरोबरच चढला. कंडक्टरने ईश्वरीचं डोकं वाकून पाहिलं आणि विचारलं, ह्याचा विद्यार्थी पास आहे का, जाऊन-येऊन?

"पास नाही," मी म्हटलं. "त्याचं तिकीट फाड. नुसतं जायचं."