अर्थ असल्याची खात्री करा

"त्यात काय एवढं? आपणच लावू!"

हे वाक्य खात्रीसाहेबांच्या तोंडून निघालं, आणि त्यांच्या बायकोच्या हातातली किटली जागच्या जागी थांबली. यापूर्वी हेच वाक्य बोलून त्यांनी बेसिन लावलं होतं, ते भिंतीसकट खाली आलं. त्याआधी दारावरची बेल लावली होती, ती शेजाऱ्यांकडे वाजायची. (अजूनही तिकडेच वाजते. शेजारी सज्जन आहेत, कोणी आलं की येऊन सांगतात.)

खात्रीसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एका मोठ्या कचेरीत ते हेडक्लार्क होते आणि समोर येईल त्या कागदावर 'खात्री केली' असं लिहून सही ठोकल्याशिवाय त्यांना पाणी गोड लागत नसे. त्यावरून हाताखालच्या मंडळींनी त्यांचं हे बारसं केलं. पुढे ते नाव घरी पोचलं, आणि बायको रागावली की तेच वापरू लागली.

आता लावायचे होते ते हीटर. खोलीतले नव्हेत, बाहेरचे. माणसापेक्षा उंच लोखंडी खांब, खाली जड बैठक आणि वर टोपीखाली लालभडक होणाऱ्या कांड्या. मागच्या फरशीवर बसणाऱ्या माणसाला भर थंडीत ऊब देणारे.

तो माणूस म्हणजे त्यांचे सासरे. जन्मभर शाळेत भाषा शिकवली म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत. मोठ्या दुखण्यातून उठून ते लेकीकडे राहायला आले होते. दुखण्यापासून त्यांचं बोलणं आटलं होतं आणि हसणं तर कुठल्या कुठे गेलं होतं. त्यांचं मागणं एकच होतं. संध्याकाळी घटकाभर मागच्या फरशीवर, मोकळ्या आभाळाखाली बसू द्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, थंडी अंगाला लागता कामा नये. त्यामुळे गुरुजी रोज बंद खिडकीच्या आतून आभाळ बघत आणि खिडकीची काच पुसत.

अशात धाकट्या जावयाचा, म्हणजे खात्रीसाहेबांच्या साडूचा फोन आला. "बाबा, आमच्या गच्चीवर हीटर लावलेत. झकास ऊब! रविवारी येतो तुम्हाला न्यायला."

"बघू," गुरुजी म्हणाले.

 वडील आल्यापासून बायको स्वयंपाकघरात काम करता करता गुणगुणत असायची, ते गुणगुणणं त्या फोननंतर बंद पडलं. खात्रीसाहेबांना ते ऐकू येईनासं झालेलं सहन होईना. घर एकाएकी परक्यासारखं वाटायला लागलं. ते तडक बाजारात गेले आणि दोन हीटर घेऊन आले.

"निदान वायरमनला तरी विचारते," बायको म्हणाली आणि तिने फोन लावला. हा वायरमन स्वतःला विजेचा बाप समजत असे आणि बोलावलं की 'निघालोच' म्हणून चार दिवस निघत नसे. मागे पंख्याच्या कामाला आला तेव्हा विसरलेली त्याची शिडी अजून यांच्या जिन्याखाली पडून होती.

फोन ठेवून बायको बाहेर आली. "अहो, तो म्हणाला, अर्थ नाही."

"कशाला?"

"मागच्या पॉइंटवर हीटर लावायला. म्हणाला, साहेबांना सांगा, त्याला अर्थ नाही, तोवर काही लावू नका. मी म्हटलं, मीसुद्धा यांना तेच सांगत असते."

"आणखी काय म्हणाला?"

"आधी अर्थ द्यावा लागेल म्हणे."

"आगाऊ?" खात्रीसाहेब उसळले. "आणि मागतोय बघ कसा लबाड! सरळ पैसे म्हणायला जीभ झडते काय?"

"आणि अंगणाच्या कडेला खड्डा खणून ठेवा म्हणाला. मीठ आणि कोळसा आणून ठेवा."

"मीठ? कोळसा? अगं, हा वायरमन आहे की मांत्रिक?"

 तेव्हा 'आपणच लावू' या थोर निर्णयावर शिक्कामोर्तब झालं.

आता एक गोष्ट खात्रीसाहेबांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. त्यांनी निष्काळजीपणा अजिबात केला नाही. फरशीवरचं कापडी छत त्यांनी आधी उतरवून टाकलं. कपडे वाळत घालायची दोरी सोडवून पुढच्या अंगणात नेली. बोट ओलं करून वारा कुठून येतो ते पाहिलं. वाळूची बादली भरून ठेवली. खांब वाऱ्याने कलंडू नये म्हणून फरशीला भोकं पाडून बैठका बोल्टने आवळल्या. आणि वायरीत पाय अडकून गुरुजी पडतील, या काळजीने ती वायर बैठकीखालून घेतली आणि वरून बोल्ट असे पिळले, असे पिळले, की वायरीची हालचाल कायमची बंद झाली. (वायरीचं सालही निघालं. पण ते बैठकीखाली दिसणार कुणाला?)

हीटरसोबत माहितीपत्रक होतं. त्यात मराठीही होतं, पण ते बहुधा एखाद्या यंत्राने केलेलं असावं. 'उष्णकापासून कापडाने सन्माननीय अंतर राखावे.' खात्रीसाहेबांनी पुढे लिहिलं, 'खात्री केली.' 'उष्णकास झाकू नये. मुलांस झाकू नये.' घरात लहान मूल नव्हतं. 'खात्री केली.' मग शेवटची सूचना आली.

'जोडणीपूर्वी अर्थ असल्याची खात्री करा.'

खात्रीसाहेबांचं पेन थांबलं. आयुष्यात इतका खोल प्रश्न कुठल्या कागदाने त्यांना विचारला नव्हता. ते स्क्रू ड्रायव्हर हातात धरून बादलीशेजारी बसले आणि विचार करू लागले. या सगळ्या खटाटोपाला अर्थ आहे का? खिडकीआड गुरुजी काच पुसत होते. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती, पण गुणगुणणं नव्हतं. म्हातारा आभाळाखाली बसेल, बायको पुन्हा गाऊ लागेल. याहून मोठा अर्थ तो कोणता? त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा पुसला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'अर्थ आहे. खात्री केली.'

रविवारी संध्याकाळी साडू सपत्नीक हजर झाला. तो विमा कंपनीत अधिकारी होता आणि जाईल तिथे आधी धोका हुंगायचा. गुरुजींची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. बायकोने ती भरताना एक स्वेटर मुद्दाम बाहेर ठेवला होता, विसरल्यासारखा.

"बाबा, जाण्याआधी एकदा बाहेर तर बसा," खात्रीसाहेब म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. कांड्या लाल झाल्या. फरशीवर अशी गोड ऊब पसरली की लाकडी खुर्चीत बसलेल्या गुरुजींनी मफलर सैल केला आणि मान वर करून आभाळ पाहिलं. बायको दारात उभी होती. तिचा चेहरा पाहून खात्रीसाहेबांना वाटलं, जिंकलं!

"छतापासून अंतर?" साडूने विचारलं.

"छतच काढलंय!"

"खांब पडला तर?"

"फरशी उखडेल, पण खांब पडायचा नाही!"

"वायर?"

"दिसतेय का कुठे?"

साडूकडचे प्रश्न संपले. "नाही, काम चोख केलंय बुवा," असं म्हणत त्याने एक हात लोखंडी कठड्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने खांबाची पाठ थोपटली.

विमा कंपनीच्या कुठल्याही अधिकाऱ्याला न शोभणारी एक किंकाळी ऐकू आली. साडू टुणकन उडाला, कुंडीत बसला, आणि त्याच क्षणी साऱ्या घराचे दिवे गेले.

"अगं बाई!" मेव्हणी ओरडली.

"मुंग्या!" साडूची बोबडी वळली होती. "हाताला... मुंग्या!"

"मुंग्या चावल्या तर एवढं उडायचं?" खात्रीसाहेब म्हणाले. (यांची गच्ची फिकी पडली म्हणून हे नाटक चाललंय, याबद्दल त्यांची खात्री झाली होती.) "आणि दिवे गेले ते लोडमुळे. एवढी माणसं, एवढे दिवे!" ते चाचपडत आत गेले, फ्रीज बंद केला, मेन बोर्डावरचा पडलेला स्विच वर उचलला आणि विजयी मुद्रेने परत आले. कांड्या पुन्हा लाल झाल्या.

"नेमकं झालं काय?" गुरुजींनी विचारलं. दुखण्यानंतर पहिल्यांदाच त्यांना कशाचं तरी कुतूहल वाटलं होतं. ते खुर्चीतून उठले आणि हातातली लोखंडी काठी हळूहळू खांबाकडे न्यायला लागले.

इतक्यात बाजूच्या फाटकातून वायरमन आत आला. तो हीटरसाठी आला नव्हता, शिडी न्यायला आला होता. समोरचा देखावा पाहून त्याचे डोळे पांढरे झाले.

"हात लावू नका!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. "त्याला अर्थ नाही!"

गुरुजींमधला मास्तर जागा झाला. "कशाला अर्थ नाही?"

"खांबाला!"

"खांबाला कसला अर्थ असतो?"

"सगळ्याला असतो गुरुजी! फ्रीजला असतो, इस्त्रीला असतो! जमिनीत खोल असतो!"

"वा!" गुरुजी म्हणाले. काठी अजून पुढेच चालली होती.

जमिनीत. खोल. खड्डा, मीठ, कोळसा. खात्रीसाहेबांच्या डोक्यात एकदम उजेड पडला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. अर्थ म्हणजे अर्थिंग! तीन दिवस घरात जो शब्द फिरत होता तो हा होता! त्यांना समोर काठीचं टोक दिसलं, खांब दिसला आणि त्या दोहोंमध्ये उरलेलं बोटभर अंतर दिसलं. आपल्या हातून बायकोचे वडील जातायत!

"बाबा, नको!" असं किंचाळत त्यांनी झेप घेतली. काठी उडाली, गुरुजी खुर्चीत सुखरूप बसले. पण खात्रीसाहेबांची चप्पल वाळूच्या बादलीत अडकली, एक हात कठड्यावर पडला, आणि तोल सावरायला दुसऱ्या हाताने त्यांनी जवळची सर्वांत भक्कम वस्तू धरली. ती वस्तू त्यांनी स्वतःच बोल्टने आवळली होती.

पुन्हा अंधार झाला.

"अहो!" बायकोचा हंबरडा ऐकू आला. ती अंधारात धावली आणि फरशीवर बसलेल्या नवऱ्याचं डोकं तिने कुशीत घेतलं. "अहो, बोला ना काहीतरी!"

"अर्थ..." खात्रीसाहेब क्षीण आवाजात म्हणाले, "अर्थ... कळला."

वायरमनने आधी दोन्ही हीटरच्या वायरी काढल्या आणि मग घरातले दिवे लावले. "तो पडणारा स्विच मी बसवला होता म्हणून वाचलात," त्याने छाती पुढे काढून सर्वांना ऐकवलं. दिवे आले तेव्हा एक विलक्षण दृश्य दिसलं. खात्रीसाहेबांच्या डोक्यावर जे चार केस शिल्लक होते ते उभे होते, आणि गुरुजी हसत होते. खुर्ची हलत होती इतके हसत होते. बायको एकदा बापाकडे, एकदा नवऱ्याकडे बघत राहिली आणि तिला रडू फुटलं.

"बाबा, बॅग गाडीत ठेवू ना?" साडूने कुंडीतली माती झटकत विचारलं.

"नको," गुरुजी डोळे पुसत म्हणाले. "जन्मभर पोरांना शब्दांचे अर्थ विचारले. अर्थ न कळल्यामुळे मेलेला विद्यार्थी मात्र आज पहिल्यांदा बघणार होतो. मी इथेच राहतो."

खात्रीसाहेबांना गहिवरून आलं. "बाबा, माझ्यासाठी?"

"छे हो, जावईबापू! लेकीला तुमच्याबरोबर एकटं सोडून जायला मन धजत नाही."

दुसऱ्या दिवशी वायरमन चक्क सांगितलेल्या दिवशी आला. खड्डा मात्र त्याने खात्रीसाहेबांकडूनच खणून घेतला. गुरुजी शाल पांघरून शेजारी खुर्चीत बसले होते आणि मधून मधून बजावत होते, "खोल जाऊ द्या. अर्थ वरवरचा नको." मीठ पडलं, कोळसा पडला, जाड तार जमिनीत गेली. सोललेली वायर बदलून नवी आली. मीटरने तपासून झाल्यावर वायरमनने हीटर लावले आणि खांबावर हात ठेवून दाखवला. "झालं! आता याला अर्थ आहे."

आतून बायको चहाची किटली घेऊन बाहेर आली. ती गुणगुणत होती. खात्रीसाहेब घामाने आणि मातीने माखलेले, पण ते गुणगुणणं ऐकून त्यांना सगळं भरून पावल्यासारखं झालं.

"भाऊ," ती वायरमनला म्हणाली, "ती तार थोडी उरली आहे का?"

"आहे की, वहिनी. आणखी कशाला जोडायचीय?"

तिने किटलीची चोच नवऱ्याकडे रोखली.

"यांना."