दहापैकी किती?

या हिवाळ्यात बेसाच्या आमच्या फ्लॅट स्कीममध्ये लिफ्टचं दार उघडलं, की आत प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून तुरीच्या शेंगा सोलणारी एक बाई दिसायची. ती शकुताई. सहाव्या मजल्यावर एकटी राहते. तुम्ही आत पाऊल टाकलं, की ती नमस्कार-चमत्कार न करता विचारायची, "तुमचं भेव दहापैकी किती?" नवीन माणूस गांगरून म्हणायचा, "कसलं भेव?" "मंग सहा हाय," असा निकाल देऊन ती त्याच्याही हातात सोलायला मूठभर शेंगा ठेवायची.

त्याआधी हीच बाई लिफ्टकडे नुसतं बघायलाही तयार नसायची. तात्या, म्हणजे तिचे यजमान, होते तोवर तिचा हात धरून तिला लिफ्टने न्यायचे. ते गेले आणि एकटीने त्या डब्यात शिरायची वेळ आली, तर दार बंद होताच तिच्या छातीत धडधडायचं, तळहातांना घाम फुटायचा. तेव्हापासून तिचा जिना सुरू झाला. आणि जिन्यात सोबतीला मी. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, माझे गुडघे दुखतात आणि लिफ्टचं मला काडीचं भय नाही. तरी रोज संध्याकाळी भाजी घेऊन आम्ही दोघी पायऱ्या चढायचो. पहिल्या मजल्यापर्यंत भाजीवाल्याचा उद्धार, दुसऱ्यापर्यंत माझ्या सुनेचा, आणि तिसऱ्यावर माझ्या दारात उभं राहून उरलेल्या जगाचा.

मग ती एकदा डोळे तपासायला रामदासपेठेत गेली आणि शेजारच्या मनोविकारांच्या दवाखान्यातून एक कागद घेऊन आली. चिंता आणि भीतीच्या आजारांवर कोणता उपचार जास्त लागू पडतो, याचा अभ्यास तिथे चालू होता. त्यासाठी बंद जागेला घाबरणारी माणसं हवी होती. निम्म्या लोकांकडून थेट लिफ्टचा सराव करून घेणार, निम्म्यांना आधी नुसते श्वासाचे व्यायाम. कोण कुठे, हे कॉम्प्युटर चिठ्ठी काढून ठरवणार. शकुताई लिफ्टवाल्यांत निघाली. तिने स्कीमभर पेढे वाटले.

"माहा नंबर लागला वं मंदा! कॉम्प्युटरनं काहाडला!"

मी पेढा तोंडात टाकला आणि तिथूनच माझ्या जळण्याला सुरुवात झाली.

पुढच्या आठवड्यापासून त्या दवाखान्यातून तन्वी यायला लागली. मानसशास्त्र शिकणारी, पाठीवर सॅक लावलेली गोड मुलगी. ती गोड होती, हेच तर माझं दुखणं. ती शकुताईला लिफ्टमध्ये उभी करायची, भीती दहापैकी किती ते विचारायची, आणि भीती आपोआप उतरेपर्यंत तिला बाहेर पडू द्यायची नाही. आधी दार उघडं ठेवून, मग बंद करून, मग एक मजला वर. शकुताईने हा नियम इतका मनावर घेतला, की तन्वी नसतानाही ती स्टूल टाकून सरावाला बसायची आणि सोबतच्या लोकांनाही त्यांची भीती उतरल्याशिवाय उतरू द्यायची नाही. ऑफिसला उशीर झाला म्हणून स्कीमचे सेक्रेटरी ओरडले, तर म्हणाली, "तुमचं त आठावर गेलं बाप्पा. उतरू द्या आंधी." साहेब मुकाट्याने शेंगा सोलायला लागले.

हळूहळू तिचं सगळं जगच दहात आलं. चौकातल्या पोह्यांवरची तर्री सात. माझ्या सुनेचा आवाज नऊ. आणि मी स्वतः वांगी भाजून केलेलं भरीत?

"पाच. तन्वीले बी चाखवलं. थे सहा म्हणे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या भरताचे मार्क आता ती पोट्टी देणार! उठता-बसता तिचंच नाव. "तन्वी म्हणते, भेव आलं त येऊ द्यावं, बसू द्यावं, आपोआप जाते." मी इतकी वर्षं या बाईसाठी गुडघे झिजवले, पण "मंदा म्हणते" असं तिने कधी कोणाला सांगितल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

शेवटी मी गुपचूप रामदासपेठ गाठली. "मले बी लिफ्टचं भेव लागते," असं तन्वीला सांगितलं. तिने मला तिथल्या लिफ्टमध्ये नेलं. दार बंद झालं. मी छातीवर हात ठेवला, डोळे मिटले, जमेल तेवढी धापही टाकली. पण आतला आरसा फार छान होता. तिसरा मजला येईस्तोवर मी आरशात बघून केस नीट करत होते.

"काकू, तुम्ही आमच्या अभ्यासात बसत नाही," तन्वी हसू दाबत म्हणाली.

धडधाकट असल्याचा एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

संक्रांतीनंतर अभ्यास संपला. शकुताई लिफ्टने एकटी सहाव्या मजल्यावर गेली, एकटी खाली आली आणि पास झाली. मी तिच्याशी बोलणंच टाकलं. आता तिला जिना नको, म्हणजे मीही नको, असं मनाशी धरून बसले आणि फणकाऱ्याने एकटीच लिफ्टने जायला लागले.

परवा संध्याकाळी भाजी घेऊन आले, तर शकुताई खालच्या पायरीवर बसलेली. मांडीवर पिशवी, पिशवीतून डोकावणारी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी. समोर लिफ्ट रिकामी उभी होती.

"जा ना लिफ्टनं," मी म्हटलं. "अथी कायले बसून राहिली? भेव गेलं ना तुहं?"

"गेलं."

"दहापैकी किती?" मी मुद्दाम टोचलं.

"लिफ्टात एक," ती म्हणाली. मग पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. "घराचं कुलूप उघडताना नऊ. लिफ्ट मिनटात नेऊन उभी करते वं त्या कुलपापाशी. जिन्यानं आलं की तुह्या गोष्टी आठवून हासत हासत वरचे मजले निघून जाते. तन्वीनं एवढं सारं इचारलं, पण कुलपाचं नाही इचारलं."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"तू कुठं बोलून राहिली होती?"

मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि जिना चढायला लागले. पहिल्या मजल्यावर भाजीवाल्याने किडकी वांगी दिल्याचं तिच्या लक्षात आलं, आणि दुसऱ्यापर्यंत त्याच्या सात पिढ्या निघाल्या. तिसरा मजला आला. माझ्या घरात टीव्ही चालू होता, सून नातवावर ओरडत होती, कुकर शिट्ट्या देत होता. माझे गुडघे ठणकत होते. मी दाराकडे वळले नाही, तशीच वर चढत राहिले.

सहाव्यावर शकुताईने कमरेची किल्ली काढली, कुलपाला लावली आणि तशीच उभी राहिली.

"किती?" मी विचारलं.

"चार," ती म्हणाली. जरा विचार करून म्हणाली, "अन् तू चहा घेऊन जाशीन, त तीन."