एकतीस जणींना गेलेला निरोप

आईचा शेवटचा साधासुधा दिवस बुधवार होता, आणि त्याचा तमाशा मी केला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला फसवल्यासारखं वाटायला नको. बाकी गोष्ट हसण्यासारखीच आहे. आई स्वतः इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

तर त्या बुधवारच्या सकाळपर्यंत मी आमच्या चर्चच्या मंडळीतली सर्वांत हुशार बाई होते! खराडीच्या एका कंपनीत चार वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेलं. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतलेला. योएल झाल्यावर नोकरी सोडली आणि बिबवेवाडीतल्या दोन खोल्यांत पूर्ण वेळ आई झाले. माझ्या आईनं विरोध केला नाही. एवढंच म्हणाली, "एकटीनं बाळ सांभाळणं हीपण नोकरीच आहे, नमू. फक्त हिला सुटी नसते."

झालं! तेव्हापासून ती रोज हडपसरहून फोन करून विचारायची, "येऊ का?" आणि मी रोज सांगायची, "छे गं, मजेत चाललंय!" आठ महिने मी हा किल्ला लढवत होते. जगापुढे काय वाटेल ते कबूल करीन, पण आईपुढे 'होत नाही' म्हणणार नाही, असा माझा बाणा होता.

आता हुशारीचं सांगते. आमच्या महिला मंडळाची एक प्रार्थना-साखळी होती. कुणाकडे आजारपण आलं, अडचण आली, की पहिलीनं दुसरीला फोन करायचा, दुसरीनं तिसरीला, आणि सगळ्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून प्रार्थना करायची. भावना उत्तम, पण यंत्रणा भयंकर! सोजरबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन विसाव्या घरी पोचेपर्यंत हृदयाचं झालेलं असे. मी माझ्या मोबाइलवर एकतीस जणींचा ग्रुप केला. एकच मजकूर, सगळ्यांना एकदम एसएमएस! वर एक नियमही घालून दिला : निरोप आला की उलट फोन करून चौकशा करायच्या नाहीत, घरच्यांना त्रास होतो. रविवारी उपासनेनंतर प्रात्यक्षिक दाखवलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

आई तेवढी म्हणाली, "म्हणजे आता चूक झाली तर ती सगळ्यांकडे एकाच वेळी पोचणार. प्रगती आहे."

बुधवारी योएल पहाटे पाचपासून रडत होता. कारखान्याचा भोंगासुद्धा मध्ये थांबतो, हा थांबेना! दूध नको, खुळखुळा नको, मी नको, मी बाजूला झाले तर तेही नको. गाजराची पेज त्यानं माझ्या गाऊनवर उडवली, लाटणं हातात दिलं तर ते दारापर्यंत भिरकावलं. साडेदहाला मीही त्याच्याबरोबर रडायला लागले. डाव्या हातात तो, उजव्या हाताच्या अंगठ्यानं मी नवऱ्याला, योगेशला, मेसेज लिहिला : 'माझ्याच्यानं होत नाही आता. पहाटेपासून रडणं चालू आहे. तू ये, नाहीतर मी निघून जाईन.'

आणि पाठवला.

वीस मिनिटं उत्तर नाही. संतापून मी फोन उघडला आणि निरोप कुणाला गेलाय ते वाचलं. सकाळी ग्रुपला कौशल्याबाईंच्या गुडघ्यासाठी प्रार्थना-विनंती पाठवली होती. शेवटचं वापरलेलं नाव फोनमध्ये सगळ्यांत वर येतं. माझा निरोप योगेशला गेलाच नव्हता. तो एकतीस जणींना गेला होता! तीस जणींचं एक वेळ चाललं असतं. एकतिसावी आई होती.

मी घाईघाईनं दुसरा मेसेज धाडला : 'सगळं ठीक आहे. चुकून गेला. कुणी येऊ नका.' तो गेला आणि बॅलन्स संपला.

पाऊण तासात दारात कौशल्याबाई, मंडळाच्या अध्यक्षा, दुखऱ्या गुडघ्यानिशी तीन जिने चढून, हातात डबा. त्यांच्यामागे त्यांचे यजमान रावसाहेब. मंडळीचे पंच आणि निवृत्त फौजदार.

"अहो कौशल्याबाई, मी दुसरा मेसेज पाठवला ना! 'कुणी येऊ नका' म्हणून."

"तो वाचला आणि मग मी चप्पल घातली," कौशल्याबाई म्हणाल्या आणि मला छातीशी धरलं. "काही बोलू नकोस, बाळा. कुणी लिहायला लावलं ते आम्हाला कळतं."

"कुणी नाही लावलं! मीच लिहिलं!"

"हो, हो."

रावसाहेब वाकून जमिनीकडे बघत होते. "हे लाटणं दारापाशी कसं?"

"योएलनं फेकलं."

"हं," रावसाहेब म्हणाले. तीस वर्षं चौकीत काढलेल्या माणसाचा 'हं' होता तो. माझे विस्कटलेले केस, सुजलेले डोळे, गाऊनवरचे लाल डाग, सगळ्याची त्यांनी मनात नोंद केली.

"गाजर आहे ते!" मी ओरडले.

बारा वाजेपर्यंत बाहेरच्या खोलीत अकरा बायका आणि अकरा डबे. चौकशी कुणीच करेना. नियम मीच घातला होता ना! सगळ्या फक्त माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी पुन्हा पुन्हा सांगत होते, "अहो, मी नाही, हा रडत होता! हा!"

सगळ्यांनी 'हा'कडे पाहिलं. योएल सोजरबाईंच्या मांडीवर होता. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या, जन्मभर गावोगाव शुभवर्तमान सांगत फिरलेल्या. त्यांनी त्याच्या टाळूवर हात ठेवून प्रार्थनेला सुरुवात केली होती आणि आमचे चिरंजीव नाताळच्या देखाव्यातल्या बाळासारखे शांत पडून होते. पापणीवर एक थेंब नाही!

"किती गुणी लेकरू," सोजरबाई म्हणाल्या. "ह्याच्यावर घालतेस होय गं?"

एवढ्यात योगेश आला. रावसाहेबांनी त्याला ऑफिसात फोन केला होता : "घरी या. कारण घरी आल्यावर कळेल." तो बिचारा खराडीहून कसा आला असेल देव जाणे. हेल्मेट डोक्यावरच होतं. आत अकरा बायका आणि एक फौजदार पाहून त्यानं पहिलं वाक्य उच्चारलं, "माझं काय चुकलं?"

"बघा," सोजरबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "स्वतःहून कबूल केलं."

"हेल्मेट काढा, योगेशराव," रावसाहेब म्हणाले. त्यानं काढलं. "गालावर ओरखडा कसला?"

"काल योएलनं नख मारलं."

"लाटणं त्यानं फेकलं, ओरखडा त्यानं काढला. सगळं आठ महिन्यांच्या मुलावर ढकलताय दोघं?"

योगेशनं माझ्याकडे पाहिलं. मला हसू फुटलं, आणि त्या हसण्याला सगळ्यांनी झटका समजून मला पाणी पाजलं!

तेव्हा आई आली. हडपसरहून रिक्षा करून. तिनं मला जवळ घेतलं नाही, योगेशला काही विचारलं नाही. चपला काढल्या, हात धुतले, सोजरबाईंच्या मांडीवरून योएलला उचललं आणि त्याच्या तोंडात बोट घातलं. त्याबरोबर त्यानं असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली.

"वरचे दोन दात येताहेत," आईनं जाहीर केलं. "रावसाहेब, आरोपी सापडला. बसा आता, जेवून जा."

आधी कौशल्याबाई हसायला लागल्या, मग सगळ्याच. रावसाहेबांनी योगेशचा हात हातात घेऊन इतका वेळ हलवला की ती माफी आहे की अटक, त्याला कळेना. अकरा डबे उघडले तर सातांत खिचडी! आई त्यावरच एवढी हसली. "संकटात सापडलेल्या बाईला दात नसतात असं मंडळाचं मत दिसतंय," ती म्हणाली.

चारपर्यंत सगळ्या गेल्या. योगेश पुन्हा ऑफिसला गेला. आई डबे घासत होती, मी पुसत होते. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "निरोप चुकून गेला. मजकूरही चुकीचा होता का?"

"होच की! रागाच्या भरात लिहिलं काहीतरी."

"राहू का आज?"

मला तिचे हात दिसत होते. साबणातले, शांत हात. एक शब्द पुरला असता.

"नको गं," मी म्हणाले. "आज काय मोठं झालंय? जा तू, उजेड आहे तोवर पोचशील."

तिनं शेवटचा डबा उपडा ठेवला, हात कोरडे केले, योएलच्या कपाळाचा मुका घेतला आणि गेली. पोचल्यावर मिस्ड कॉल दिला.

गुरुवारी पहाटे ती झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्या दिवशीचा निरोप कौशल्याबाईंनी पाठवला. एकीचाही उलट फोन आला नाही. सगळ्या आल्या.

याला आता पाच महिने झाले. मंडळात ती बुधवारची गोष्ट अजून सांगतात, आणि सर्वांत रंगवून मीच सांगते. फौजदाराचा आवाजही काढते. फक्त डबे घासण्यापर्यंत आले की थांबते. लोकांना वाटतं, गोष्ट तिथेच संपते.

काल दुपारी योएल महत्प्रयासानं झोपला होता. घरात कुणी नव्हतं. मी मोरीपाशी उभी होते, नळ चालू होता. मोठ्यानं बोललं तर हा उठणार आणि सहापर्यंत भोंगा वाजणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी नळ बंद केला आणि चांगली मोठ्यानं म्हणाले :

"मजकूर खरा होता, आई. राहा ना आज."