फ्लेक्सची मशीन

मशीन कोणती घ्यायची हे काही केल्या ठरेना, म्हणून सोमनाथ शेळकेने ती आधी फ्लेक्सवर छापून घेतली.

मुकुंदवाडीत घराच्या खालच्या मजल्यावर शेळक्यांचं वर्कशॉप आहे. सोमनाथच्या वडिलांनी, म्हणजे बन्सीनानांनी, घेतलेल्या दोन जुन्या लेथ अजून तिथे चालतात. फवारणी पंपाचं बोटाएवढं पितळी नोझल करायचं तर ते तीनदा पकडायचं आणि तीनदा सोडायचं. एवढं करून त्याचं आडवं भोक कधी मधोमध पडे, तर कधी त्याच्या मनाला येईल तिथे. वाळूजच्या एका कंपनीला अशी नोझल कायमची हवी होती. तिथल्या खरेदी विभागातल्या कालिंदी मॅडमनी सरळ सांगून टाकलं होतं, "एकाच पकडीत सगळं उरकणारी सीएनसी मशीन घ्या, काम तुमचं. नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल."

काम मिळालं तर वर्कशॉप उभं राहणार होतं. नाही मिळालं तर सोमनाथला पुन्हा कुणाच्या तरी कंपनीत शिफ्टला जावं लागणार होतं, आणि या विचाराने त्याची झोप उडाली होती.

कॅटलॉग चाळून चाळून त्याने दोन मशीन नक्की केल्या. एक जरा मोठी, एक अगदी आटोपशीर. अंगी गुण दोघींच्याही तेच, फक्त मोठीचा रुबाब जास्त. जागा मात्र एकच होती, खिडकीजवळचा कोपरा.

"कागदावरची मापं वाचून काय कळायलंय तुम्हाला?" त्याची बायको मोनिका म्हणाली. "ती हितं उभी राहिल्यावर माणसाला फिरता येतंय का, ते बघा की."

हे सोमनाथला पटलं. आधी मोठी मावते का ते बघू, म्हणून तिचा फोटो घेऊन तो सांडूच्या फ्लेक्सच्या दुकानात गेला.

"बड्डे कोणाचा हाय, भाई?" सांडूने विचारलं.

"बड्डे नाय. मशीनचा फोटो हाय. खऱ्या मापात छापायचा."

"छापतो ना. खाली शुभेच्छुक कोण टाकू?"

"कोणीच नको रे बाबा."

"रिकामा फ्लेक्स बरा दिसत नाय, भाई," सांडू कळकळीने म्हणाला.

संध्याकाळी फ्लेक्स उलगडला तेव्हा मोठ्या मशीनच्या पोटावर बन्सीनाना काळा गॉगल लावून हसत होते. गेल्या गणपतीतला फोटो सांडूच्या कॉम्प्युटरमध्ये पडूनच होता.

सोमनाथने बांबूचा सांगाडा केला, त्यावर फ्लेक्स ताणून ठोकला आणि मशीन कोपऱ्यात उभी केली. मोनिकाने कात्रीने दार कापलं, ते उघडून पाहिलं, पुढून मागून फिरून पाहिलं. कोपऱ्यात ती चपखल बसली होती. आता मोठीच घ्यायची, असं ठरवून सोमनाथ कित्येक दिवसांनी पोटभर जेवला. फ्लेक्स सकाळी काढू म्हणाला.

पण सकाळी खंडेनवमी होती. सोमनाथची आई सरूबाई पूजेचं ताट घेऊन खाली आली. दोन्ही लेथ, ड्रिल, हातोडे, पाने, सगळ्यांना हळदीकुंकू वाहून झालं आणि ती फ्लेक्ससमोर जाऊन उभी राहिली.

"आई, ती खोटी हाय," सोमनाथ म्हणाला.

"आज खोटी असंल. उद्या खरी येणार हाय नं? येणारीला आधीच हात जोडले तर काय बिघडतंय?" असं म्हणून तिने झेंडूचा हार चढवला. कुंकू जरा जोरात लागलं आणि मशीनला खळगा पडला.

इतके दिवस नाना या खरेदीच्या विरोधात होते. "माझ्या लेथीत काय खोट हाय?" एवढंच ते विचारत. पण आता मशीनवर त्यांचाच फोटो होता आणि वर हार होता. त्यांनी नवी टोपी घातली, मशीनला न टेकता टेकल्यासारखा हात धरला आणि मोनिकाकडून फोटो काढून घेतला. दुपारपर्यंत तो त्यांच्या स्टेटसवर लागला. खाली लिहिलं होतं, 'आमची नवीन मशीन'.

मग काय, फोन सुरू झाले. हर्सूलचे व्याही, पुंडलिकनगरचा भाचा, कुणी बाकी राहिलं नाही. शेजारच्या गोजरबाई पेढे मागायला आल्या, तर नानांनी खरंच पेढे आणले. ते खोटं एक अक्षर बोलले नाहीत. नुसतं "घ्या, घ्या" म्हणत राहिले.

संध्याकाळी सोमनाथचा फोन वाजला.

"अहो, मशीन आली आणि कळवलं नाहीत?" कालिंदी मॅडम म्हणाल्या. "नानांचं स्टेटस पाहिलं. किती बरं वाटलं! दसरा झाला की येते बघायला."

सोमनाथच्या तोंडून "या मॅडम" एवढंच निघालं. फोन ठेवून त्याने नानांचं स्टेटस उघडलं आणि त्यांच्यासमोर धरलं.

"मला काय म्हाईत, तुझी मॅडम माझं स्टेटस बघती ते?" नाना म्हणाले. "आता घाबरू नको. लांबूनच दाखवू. लाइट बंद ठेवू. निस्ता आवाज आला की झालं. आवाजाचं मी बघतो."

"खरं सांगून टाका," मोनिका म्हणाली. "लई तर काम जाईल. इज्जत तरी राहील."

सोमनाथलाही ते कळत होतं. पण जाणारं काम डोळ्यांसमोर दिसलं की मॅडमना लावायला काढलेला फोन तो परत खिशात टाकत होता.

मॅडम आल्या. ऊन रणरणत होतं. त्या दारातून दोन पावलं आत येतात न येतात तोच कोपऱ्यातून घर्रर्र असा आवाज सुरू झाला.

"अरे वा, चालू आहे!" त्या म्हणाल्या आणि लगेच शिंकल्या. "पण लसणाचा वास कुठून येतोय?"

मशीनच्या मागे बन्सीनाना मांडीवर मिक्सर घेऊन बसले होते. भांड्यात सरूबाईने सकाळीच चटणी भरून ठेवलेली होती, आणि हे नानांनी पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात सरूबाई पाणी घेऊन आली. "अगं माय, किती घामाघूम झाल्यात मॅडम!" म्हणत तिने उभा पंखा मशीनच्याच दिशेने पूर्ण जोरात सोडला.

मशीनने दीर्घ श्वास घेतला. पोट फुगलं, पोटावरचे गॉगलवाले नाना गाल फुगवून हसायला लागले, मग एकदम खप्पड झाले, पुन्हा फुगले. मॅडम हातातला पाण्याचा ग्लास तसाच धरून बघत राहिल्या.

"मॅडम, ही मशीन नाय," सोमनाथ एका दमात बोलून गेला. "फ्लेक्स हाय. जागा बघायला केला होता. तवाच सांगायला पाहिजे होतं. काम जाईल म्हणून भ्यालो."

 मॅडमनी ग्लास खाली ठेवला. त्या मशीनला वळसा घालून मागे गेल्या.

"नमस्कार, नाना."

"नमस्कार. चटणी बघता का जरा?"

मॅडमनी चटणी घेतली नाही, पण त्यांचं लक्ष नानांच्या मागच्या खिडकीकडे गेलं. "सोमनाथ, बार फीडर कुठे आहे यात?"

"काय?"

"मशीनला पितळी बार मागून कोण देणार? मोठीला अख्खा लांब बार लागतो. कॅटलॉगमधल्या मापात फीडर धरलेला नसतो." त्यांनी रॅकमधला एक लांब बार ओढला आणि मशीनच्या बाजूने, फीडर बसेल तिथे आडवा धरला. बार खिडकीतून बाहेर गेला, बोळ ओलांडून पलीकडच्या खिडकीत शिरला आणि तिकडे भांडं कोसळलं.

"अगं बया! कोण भोसकायलंय माझ्या दुधाला?" गोजरबाई ओरडल्या.

"रोज यांच्या ओट्यावरून बार लावणार होता का?" मॅडमनी विचारलं.

सोमनाथने घाईघाईने बार मागे ओढला. मोठीची ऑर्डर तो याच आठवड्यात देणार होता.

मग मात्र मॅडम हसल्या. खुर्चीत बसून, डोळे पुसत हसल्या. "गेल्या वर्षी एकाने खरी मशीन आणून ठेवली आणि मग भिंत पाडायला काढली. तुम्ही निदान फ्लेक्सवर चुकलात. छोटी घ्या. तिला आखूड बारचा फीडर मिळतो, याच कोपऱ्यात मावेल. ती आली की काम तुमचं, हा माझा शब्द. पण आता स्टेटस बघून मी येणार नाही."

 मोनिकाने मॅडमना चहा दिला, आणि जाताना चटणीही बांधून दिली.

खरी मशीन आली त्या दिवशी सगळी गल्ली गोळा झाली. क्रेनने ती उतरवली, पालखीसारखी हळूहळू आत सरकवली, आणि फीडरसकट ती कोपऱ्यात बसली. गोजरबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"सरू, दुसरी घेतली का गं? पण पहिलीपेक्षा बारकी दिसायली."

"व्हय, दुसरीच," सरूबाईच्या आधी नाना म्हणाले. पहिली आता गच्चीवर वाळवणाखाली अंथरलेली होती.

पहिलं नोझल बाहेर पडलं. सोमनाथने ते उजेडाकडे धरलं. आडवं भोक बरोबर मधोमध होतं. त्याने ते नानांच्या तळहातावर ठेवलं. नाना ते बराच वेळ उलटसुलट करून बघत राहिले. मग म्हणाले, "आपल्या लेथीवर असं होत नव्हतं रे," आणि ते त्यांनी खिशात घातलं.

नंतर त्यांनी नवी टोपी घातली, मशीनला चांगला भार देऊन टेकले आणि फोटो काढून स्टेटसवर टाकला. थोड्याच वेळात कालिंदी मॅडमचं उत्तर आलं.

'नाना, पंखा लावून दाखवा.'

नानांनी पंखा पूर्ण जोरात लावला आणि मोनिकाला व्हिडिओ काढायला सांगितला. त्यांची टोपी उडून पार दाराबाहेर गेली. मशीन हलली नाही.