पंधरा मिनिटांचे विद्यार्थी

“माझ्या तासाला कुणी मधूनच उठून गेलेलं मी आजवर पाहिलेलं नाही,” फाबिओलाबाईंनी भर बैठकीत डीनसाहेबांना सुनावलं. “पोरं येतील आणि दोन तास बसतील. लिहून ठेवा.”

मानिसालेस शहरातल्या विद्यापीठात बाई मातीचं शास्त्र शिकवायच्या. महामारीनं दीड वर्ष त्यांना पडद्यावरच्या काळ्या चौकोनांशी बोलायला लावलं होतं. आता वर्ग हळूहळू उघडायचे होते. पहिल्या आठवड्यात एकट्या बाईंचा, तोही बारा जणांचा. तो फसला तर उरलेलं सत्र पुन्हा घरूनच. अंथरुणात पडून ऐकायची सवय लागलेली पोरं आता खुर्चीवर टिकत नाहीत, असं डीन ओक्तावियो यांचं ठाम मत होतं.

‘पडदे बास झाले,’ म्हणत बाईंनी आदल्या दिवशी फोनच बंद करून टाकला. त्यामुळे एक निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. विद्यापीठाच्या आवारातल्या लसीकरण केंद्राचं छत गळत होतं. म्हणून टोचून घेतलेल्यांना पंधरा मिनिटं बसवायची सोय आता बाईंचा वर्ग भरायचा त्या सभागृहात होती, आणि बाईंचा वर्ग ग्रंथालयात.

सकाळी सातला बाई सभागृहात शिरल्या. दोन-दोन मीटरवर खुर्च्या, खुर्च्यांवर मास्क लावलेली माणसं. बाईंचा ऊर भरून आला. पोरं जरा थोराड दिसत होती, एक जण तर विणकाम करत होती, पण दीड वर्ष कुणाला सुखाचं गेलं होतं?

त्यांनी ज्वालामुखीच्या राखेतून माती कशी बनते ते सांगायला घेतलं. चार मिनिटांत एक जण घड्याळ बघून उठला. “येतो बाई, छान वाटलं,” म्हणाला आणि गेला. तेवढ्यात दुसरा आत आला.

“उशीर झाला तुम्हाला.”

“माझा नंबरच आत्ता लागला, बाई.”

बाईंनी आवाज चढवला. “कॉफीला अशीच माती का मानवते? माहीत असेल त्यानं हात वर करा. अहो मागचे, तुमचा डावा अर्ध्यावरच का थांबला?”

“तो वर जात नाही, बाई,” मागचा म्हातारा कण्हत म्हणाला. त्यानं उजवा वर केला. “पण माझ्या झाडांची जुनी पानं पिवळी पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ते कशानं?”

दीड वर्षात पहिला प्रश्न! बाई खडू घेऊन फळ्याकडे धावल्या. जमीन आम्ल झाली की झाडाला मॅग्नेशियम कसं कमी पडतं, हे त्यांनी असं रंगवून सांगितलं की विणकाम थांबलं. मग कुणीच उठेना. येणारे येत राहिले, भिंतीला टेकून उभे राहिले.

शेवटी परिचारिका यानेथ कंबरेवर हात ठेवून दारात आली. “अहो बाई, पंधरा मिनिटांनी यांना सोडायचं असतं. तुम्ही सगळं केंद्र अडवून ठेवलंय!”

बाईंच्या हातातला खडू निसटला. “म्हणजे हे माझे विद्यार्थी नव्हेत?”

“आता आहोत की,” म्हातारा म्हणाला. त्याचं नाव आर्हेमिरो. “सांगा पुढं. चुना किती टाकायचा?”

यानेथनं सगळ्यांना अंगणात काढलं. उघड्यावर गर्दीची भीती नव्हती. ग्रंथालयात ताटकळलेली बारा पोरं बाईंचा आवाज ऐकून धावत आली आणि गवतावर बसली. एकानं चुन्याचा हिशेब चुकवला, तर आर्हेमिरोनं तो दुरुस्त केला. डीन आले तेव्हा साठेक माणसं कान देऊन ऐकत होती. दोन तास उलटून गेले होते. कुणी हललं नव्हतं.

“हरलो, बाई,” डीन म्हणाले. “सोमवारपासून सगळे वर्ग उघडतो. तुमचा मान पहिला. रोज, आठवड्याचे पाचही दिवस.”

टाळ्या पडल्या. बाईंनी मान डोलावून त्या स्वीकारल्या. “वेळ कोणती?”

“सकाळी सहा.”

बाई दीड वर्ष पावणेआठला उठून आठ वाजता सपाता घालून शिकवत होत्या. त्यांनी आशेनं आर्हेमिरोकडे पाहिलं.

“सहा?” तो म्हणाला. “जरा उशीरच होतो आम्हा शेतकऱ्यांना. पण येऊ.”