बोटाचं विलीनीकरण

दसऱ्याच्या संध्याकाळी दिनानाथरावांच्या बोटातून दरबारची अंगठी निघेना.

होळकरांच्या दफ्तरात उभी हयात काढल्यावर मिळालेली ती अंगठी वर्षातून एकदाच, दसऱ्याला डबीबाहेर येई. दरबार उठला, इंदूर आणि ग्वाल्हेर एका दावणीला बांधून मध्यभारत झालं, तरी हा नेम चुकला नव्हता. बोट आदल्या दिवसापासूनच सुजलं होतं. दिनानाथरावांनी तूप लावून अंगठी चढवली. घरोघर सोनं वाटून परत येईतो बोटाचं केळं झालं होतं.

इंदिराबाईंनी साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळला. शेजारच्या प्रेमलताबाई बर्फात हात ठेवायला सांगून गेल्या आणि जाता जाता साऱ्या गल्लीला बातमी देत गेल्या. पाऊण तासात ओट्यावर डझनभर सल्लागार जमले. सराफ्यातून सोनार आला. बोट उलटसुलट पाहून म्हणाला, "भिया, काटनी पड़ेगी. नहीं तो उँगली से हाथ धो बैठोगे."

"अंगठी कापायची नाही," थोरले बंधू अप्पासाहेब म्हणाले. "दरबारचा ऐवज आहे. बोटाचं काय ते बघू."

ज्याचं बोट होतं त्याचंही मत हेच होतं, हे विशेष.

शेवटी इंदिराबाईंनीच मागच्या गल्लीत माणूस धाडला. महूच्या फौजी इस्पितळातून निवृत्त झालेले डॉक्टर शंकरराव तिथे लेकीकडे सणाला आले होते. ते आले, पण अंगठीकडे बघायच्या आधी त्यांनी नखं पाहिली. सुईने टोचून काढावीत तशी खड्ड्याखड्ड्यांची. मग म्हणाले, "बाही वर करा."

दिनानाथरावांनी बाही घट्ट धरली. सात वर्षं त्यांनी कोपरांवरचे पांढरे खपले जगापासून लपवले होते. दरबार होता तोवर अंगरख्याने आणि पगडीने इमानेइतबारे सारं झाकलं. मध्यभारतात बुशशर्ट आले, तरी हे भर वैशाखात बंद गळ्याचा कोट घालून फिरत. लोक महारोग समजतील, पाण्याचा पेला वेगळा ठेवतील, ही धास्ती. ठाऊक होतं ते एकट्या इंदिराबाईंना. डोक्यातल्या खपल्यांसाठी एक हकीम होता, कोपरांसाठी मलमवाला आणि सांध्यांसाठी वैद्य. एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. वैद्य तेल चोळायला सांगे, हकीम तेलाला शिवू नका म्हणे, म्हणून दिनानाथराव सोमवारी चोळत आणि मंगळवारी धूत.

डॉक्टरांनी गर्दी बाहेर काढली. घरची तीन माणसं आणि सोनार एवढेच उरले. बाही वर गेली.

"सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात?"

"तासभर. हालचाल केली की सुटतात."

"टाच दुखते?"

"दुखते. पण ते तर वैद्याकडचं आहे."

"दिनानाथजी," डॉक्टर हसले, "तुम्ही तीन संस्थानं चालवताय. राज्य एकच आहे. चट्टे, नखं, सांधे, सगळा एकाच रोगाचा कारभार."

विलीनीकरण दिनानाथरावांना कधीच पसंत नव्हतं. ते आता अंगातही झालं होतं. डॉक्टर सांगत गेले: कातडी आणि सांधे एकाच रोगाचे का, यावर पुस्तकवाले अजून भांडतात, पण फौजेत त्यांनी असे पुष्कळ पाहिले आहेत. हा महारोग नव्हे, कुणाला लागतही नाही. मुळापासून जाणार नाही, कधी दबेल, कधी डोकं वर काढेल. भरल्या पोटी ॲस्पिरिन, चट्ट्यांना डांबराचं मलम आणि सकाळचं कोवळं ऊन. सूज असेल तेव्हा बोटाला आराम, उतरली की रोज हलवायचं. आणि अंगठी आत्ताच्या आत्ता निघाली पाहिजे.

"घराण्यात आणखी कुणाला?"

"छे. आमच्या घराण्यात असलं काही नाही," दिनानाथराव म्हणाले.

अप्पासाहेब खिडकीबाहेर पाहत होते. त्यांनी इंदिराबाईंना दार लोटून घ्यायला सांगितलं, आणि कोटाची बटणं काढायला घेतली.

दोन्ही कोपरं. तेच खपले, तीच चंदेरी झाक.

"केव्हापासून?" दिनानाथरावांनी विचारलं.

"तुझं लग्न झालं त्या सालापासून."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

तीस वर्षं एका घरात, एका पंगतीत बसलेले दोघे भाऊ एकमेकांच्या कोपरांकडे पाहत राहिले. मग दिनानाथरावांनी सोनारापुढे हात धरला. "काटो भिया."

या खेपेला अप्पासाहेबांनीच त्यांचं मनगट धरून ठेवलं. कट् असा बारीक आवाज झाला, बस. पुढे सोनार अंगठी सांधून द्यायला तयार होता, पण दिनानाथरावांनी ती तशीच तुटकी ठेवली. दसऱ्याला बोट सुजलेलं असलं, तर तीच बरी बसे.

त्या गल्लीतल्या जुन्या माणसांना तो हिवाळा अजून आठवतो. गच्चीवर सकाळच्या उन्हात दोन म्हातारे बंडी घालून बसलेले, एकमेकांच्या कोपरांना मलम लावणारे. वास असा, की खालून जाणारे विचारत, सडक कुठली होते आहे? तीस वर्षांत दोघांचं बोलणं झालं नसेल तेवढं त्या हिवाळ्यात झालं. त्यातलं निम्मं भांडण असे. "माझाच मोठा आहे," अप्पासाहेब कोपर पुढे करून म्हणत.

दिनानाथरावांनी एकदा दोरा लावून गुपचूप मापून पाहिलं होतं. त्यांचा स्वतःचा चट्टा चांगला दोन बोटं मोठा भरला. पण अप्पासाहेब वडील. दिनानाथरावांनी दोरा खिशात टाकला आणि म्हणाले, "मोठा तुमचाच."